न्यायालयाचे अधिकारक्षेत्र : न्यूयॉर्कचे दक्षिण जिल्हा न्यायालय आणि भोपाळचा दावा

प्रस्तावना

शेताच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत वाद झाला, एखाद्या कामगाराची मजुरी बुडाली किंवा अपघातात कोणाचा हात गेला, की आपण सहज म्हणतो, "कोर्टात जाऊ." पण कोणत्या कोर्टात? तालुक्याच्या की जिल्ह्याच्या? स्वतःच्या गावाजवळच्या की प्रतिपक्ष राहतो तेथील? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर कित्येकदा वर्ष-सहा महिने वाया जातात आणि वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत घ्यावे लागते. म्हणूनच प्रत्येक न्यायालय "कोण खरे?" हे ठरवण्यापूर्वी "हे ठरवणे माझ्या अधिकारात आहे काय?" असा प्रश्न स्वतःला विचारते. या अधिकाराच्या मर्यादेलाच न्यायालयाचे अधिकारक्षेत्र असे म्हणतात.

प्रस्तुत पाठात आपण अमेरिकेतील एका न्यायालयाची रचना समजून घेणार आहोत. न्यूयॉर्क शहरातील या न्यायालयापुढे १९८५ साली भोपाळ वायुदुर्घटनेतील पीडितांचे दावे उभे राहिले होते. त्यामुळे हजारो मैल दूर असलेल्या या न्यायालयाशी आपल्या देशाच्या एका मोठ्या दुःखाचा संबंध जोडला गेला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• न्यायालयाचे अधिकारक्षेत्र म्हणजे काय, हे सांगता येईल;
• अमेरिकेतील संघीय जिल्हा न्यायालयाची रचना स्पष्ट करता येईल;
• भारतीय आणि अमेरिकी न्यायव्यवस्थेतील प्रमुख फरक ओळखता येईल;
• भोपाळचा दावा न्यूयॉर्कहून भारतात का परत आला, याचे विवेचन करता येईल.

१. एका देशात दोन न्यायव्यवस्था

आपल्या देशात न्यायालयांची उतरंड एकच आहे. तालुका व जिल्हा पातळीवरील न्यायालये, त्यांच्यावर उच्च न्यायालय आणि सर्वांच्या शिरोभागी सर्वोच्च न्यायालय. कायदा संसदेने केलेला असो वा राज्याच्या विधानमंडळाने केलेला असो, सामान्यतः त्याच न्यायालयांत त्याची अंमलबजावणी होते.

अमेरिकेची रीत निराळी आहे. तेथे प्रत्येक राज्याची स्वतःची स्वतंत्र न्यायालये आहेत आणि त्यांच्या जोडीला संघराज्याची, म्हणजेच केंद्रीय सत्तेची, वेगळी न्यायालये आहेत. विवाह, घटस्फोट, वारसा, जमिनीचे व्यवहार, चोरी-मारामारी यांसारखी बहुसंख्य प्रकरणे राज्यांच्या न्यायालयांत चालतात. संघीय न्यायालयांकडे मात्र राज्यघटनेने आणि अमेरिकी काँग्रेसने नेमून दिलेलीच प्रकरणे येतात.

संघीय न्यायालयांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर जिल्हा न्यायालये. साक्षीपुरावा येथेच होतो. दुसऱ्या पायरीवर अपील न्यायालये आणि तिसऱ्या पायरीवर सर्वोच्च न्यायालय. आज अमेरिकेत एकूण ९४ संघीय जिल्हा न्यायालये आहेत.

येथे 'जिल्हा' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडील जिल्ह्याशी तुलना करता येईल असा अमेरिकेतील प्रशासकीय विभाग म्हणजे 'काउंटी'. संघीय न्यायालयाचा जिल्हा हा त्याहून बराच मोठा, केवळ न्यायदानासाठी आखलेला विभाग असतो. लहान राज्याचा मिळून एकच न्यायिक जिल्हा असतो, तर मोठ्या राज्याचे दोन, तीन किंवा चार जिल्हे पाडलेले असतात. न्यूयॉर्क राज्याचे असे चार जिल्हे आहेत : उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम.

पाठगत प्रश्न १
(अ) न्यायालय खटल्यातील सत्य शोधण्यापूर्वी स्वतःला कोणता प्रश्न विचारते?
(आ) अमेरिकेत घटस्फोटाचा दावा सामान्यतः कोणत्या न्यायालयात चालतो?

२. दक्षिण जिल्हा न्यायालयाचा जन्म व विस्तार

अमेरिकेची राज्यघटना अमलात आल्यानंतर काँग्रेसने २४ सप्टेंबर १७८९ रोजी न्यायव्यवस्थेचा कायदा संमत केला आणि देशात तेरा न्यायिक जिल्हे निर्माण केले. न्यूयॉर्क हा त्यांपैकी एक. न्यायाधीश जेम्स ड्युएन यांच्या अध्यक्षतेखाली हे न्यायालय ३ नोव्हेंबर १७८९ रोजी प्रथम भरले. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय पहिल्यांदा भरले ते त्यानंतर, फेब्रुवारी १७९० मध्ये. नव्या राज्यघटनेखाली सर्वांत आधी कामकाज सुरू करणारे न्यायालय म्हणून न्यूयॉर्कच्या या न्यायालयाला तेथील वकीलमंडळी आजही आदराने 'मदर कोर्ट', म्हणजे मातृ-न्यायालय, असे म्हणतात.

वस्ती आणि व्यापार वाढू लागला, तसे एक न्यायालय अपुरे पडू लागले. १८१४ मध्ये न्यूयॉर्क जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. १८६५ मध्ये पूर्व जिल्हा आणि १९०० मध्ये पश्चिम जिल्हा वेगळा करण्यात आला.

दक्षिण जिल्ह्यात आज आठ काउंटींचा समावेश होतो : न्यूयॉर्क (म्हणजेच मॅनहॅटन), ब्राँक्स, वेस्टचेस्टर, पटनम, रॉकलंड, ऑरेंज, डचेस आणि सलिव्हन. न्यूयॉर्क शहर एकच असले, तरी त्यातील ब्रुकलिन, क्वीन्स आणि स्टेटन आयलंड हे भाग पूर्व जिल्ह्यात मोडतात. पुलाच्या एका टोकाला एक न्यायालय आणि दुसऱ्या टोकाला दुसरे! मॅनहॅटनमधील फोली स्क्वेअरच्या परिसरात दक्षिण जिल्हा न्यायालयाचे मुख्य कामकाज चालते. व्हाइट प्लेन्स येथेही त्याची इमारत आहे.

३. न्यायालयातील माणसे

या न्यायालयासाठी कायद्याने जिल्हा न्यायाधीशांची २८ पदे मंजूर केलेली आहेत. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशाचे नाव सुचवतात आणि सिनेटने संमती दिल्यावर नेमणूक होते. वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारतः आजन्म, न्यायाधीश पदावर राहू शकतो. महाभियोगाखेरीज त्याला दूर करता येत नाही आणि पदावर असताना त्याचे वेतनही कमी करता येत नाही. सत्ताधाऱ्यांच्या मर्जीची भीती न बाळगता त्याने निर्णय द्यावा, हा या तरतुदीमागील हेतू आहे.

न्यायाधीशांपैकी एक जण मुख्य न्यायाधीश असतो. प्रशासनाची जबाबदारी त्याच्याकडे असते. सहकाऱ्याने खटल्याचा निकाल कसा द्यावा, हे मात्र तो सांगू शकत नाही. १९६६ साली कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांची या न्यायालयावर नियुक्ती झाली. अमेरिकेत संघीय न्यायाधीश होणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. पुढे १९८२ ते १९८६ या काळात त्या या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या.

जिल्हा न्यायाधीशांच्या मदतीला मॅजिस्ट्रेट न्यायाधीश असतात. जिल्हा न्यायाधीशच त्यांची आठ वर्षांसाठी निवड करतात. जामीन, अटकेचे वॉरंट, पुराव्याच्या देवाणघेवाणीवरील देखरेख अशी कामे ते पाहतात. दिवाळखोरीच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र न्यायाधीश असतात. त्यांची नेमणूक अपील न्यायालय चौदा वर्षांसाठी करते. दावे दाखल करून घेणे व अभिलेख जपणे हे काम क्लार्कच्या कार्यालयाचे असते. सरकारच्या वतीने खटले चालवणारा संघीय वकील त्याच परिसरात बसत असला, तरी तो न्यायालयाचा अधिकारी नव्हे. तो शासनाचा प्रतिनिधी असतो.

न्यायदानात सामान्य नागरिकांचाही वाटा असतो. गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवण्यासाठी १६ ते २३ नागरिकांच्या 'ग्रँड ज्यूरी'समोर प्राथमिक पुरावा मांडावा लागतो. प्रत्यक्ष फौजदारी खटल्यात बारा नागरिकांची ज्यूरी एकमताने निर्णय देते. पुष्कळशा दिवाणी दाव्यांतही पक्षकाराला ज्यूरी मागता येते. आपल्याकडे ज्यूरीची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही.

४. अधिकारक्षेत्राची तीन कुलपे

संघीय न्यायालयाच्या दाराला जणू तीन कुलपे असतात. तिन्ही उघडल्याशिवाय दावा आत जात नाही.

पहिले कुलूप विषयाचे. वाद संघीय कायदा, राज्यघटना किंवा आंतरराष्ट्रीय तह यांतून निर्माण झाला असेल, तर तो संघीय न्यायालयात येतो. पेटंट, स्वामित्वहक्क, समुद्रावरील अपघात, दिवाळखोरी हे त्याचे खास विषय. मॅनहॅटनमध्ये वॉल स्ट्रीट असल्याने शेअर बाजारातील फसवणुकीची अनेक प्रकरणे दक्षिण जिल्ह्याकडे येतात. बंदरामुळे जहाजांचे वादही पूर्वापार येत आले. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' हे जहाज भरसमुद्रात बुडाल्यावर आपली नुकसानभरपाईची जबाबदारी मर्यादित करावी, असा अर्ज त्याच्या मालक कंपनीने याच न्यायालयात केला होता. याशिवाय दोन पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असतील, किंवा एक पक्ष अमेरिकी आणि दुसरा परदेशी असेल, तर साध्या नुकसानभरपाईचा दावाही संघीय न्यायालयात लावता येतो. त्यासाठी दाव्याची रक्कम आज ७५,००० डॉलरपेक्षा अधिक असावी लागते. स्थानिक न्यायालय आपल्या माणसाकडे झुकेल, अशी परक्याला वाटणारी भीती दूर करणे हा या तरतुदीचा उद्देश आहे.

दुसरे कुलूप व्यक्तीचे. प्रतिवादीचा त्या प्रदेशाशी पुरेसा संबंध असला पाहिजे. तो तेथे राहत असेल, त्याची कंपनी तेथे नोंदलेली असेल किंवा वादाचे कारण ठरलेले कृत्य त्याने तेथे केले असेल, तरच न्यायालयाचा हुकूम त्याच्यावर बंधनकारक होतो.

तिसरे कुलूप स्थळाचे. ९४ जिल्ह्यांपैकी नेमक्या कोणत्या जिल्ह्यात खटला चालवावा, हे त्यावरून ठरते.

आपल्याकडेही विचाराची दिशा हीच आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार स्थावर मिळकतीचा दावा ती मिळकत जेथे असेल तेथे, आणि इतर पुष्कळ दावे प्रतिवादी जेथे राहतो किंवा दाव्याचे कारण जेथे घडले तेथे लावायचे असतात.

पाठगत प्रश्न २
(अ) ब्रुकलिन हा भाग कोणत्या न्यायिक जिल्ह्यात येतो?
(आ) मुख्य न्यायाधीशाच्या अधिकाराची मर्यादा कोणती?
(इ) परदेशी नागरिकाला संघीय न्यायालयात दावा लावण्याची मुभा का दिली आहे?

५. भोपाळ ते फोली स्क्वेअर

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. हजारो माणसे दगावली. लाखो लोकांचे डोळे, फुप्फुसे आणि संसार उद्ध्वस्त झाले. कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरासारख्या वस्त्यांत हातावर पोट असणारी माणसे राहत होती. नुकसानभरपाई कोणाकडे मागायची आणि कोठे मागायची, हे त्यांना कोण सांगणार?

कारखाना चालवत होती ती युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड ही भारतीय कंपनी. परंतु तिचे ५०.९ टक्के भाग युनियन कार्बाइड कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या मालकीचे होते. मूळ कंपनीची मालमत्ता अमेरिकेत होती, आणि तेथील ज्यूरी भरपाईच्या मोठ्या रकमा देतात, अशी ख्याती होती. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकी वकील भोपाळमध्ये पोहोचले. अमेरिकेतील निरनिराळ्या संघीय न्यायालयांत दाव्यांची रीघ लागली.

एकाच घटनेचे दावे अनेक जिल्ह्यांत विखुरले, तर प्राथमिक कामकाजासाठी ते एका न्यायालयाकडे सोपवण्याची सोय अमेरिकी कायद्यात आहे. त्यानुसार फेब्रुवारी १९८५ मध्ये हे सर्व दावे न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयात, न्यायाधीश जॉन कीनन यांच्याकडे वर्ग करण्यात आले. इकडे भारतीय संसदेने मार्च १९८५ मध्ये कायदा करून पीडितांच्या वतीने दावे चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे सोपवला. ८ एप्रिल १९८५ रोजी भारत सरकारने स्वतः त्याच न्यायालयात दावा दाखल केला.

आता तिन्ही कुलपे आठवून पाहा. एक पक्ष परदेशी आणि दुसरा अमेरिकी असल्याने विषयाचे कुलूप उघडत होते. युनियन कार्बाइड कॉर्पोरेशन न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली स्थापन झालेली असल्याने व्यक्तीचे कुलूपही उघडत होते. स्थळाचीही अडचण नव्हती. दावा चालवण्याचा अधिकार न्यायालयाला होता. तरीही कंपनीने एक वेगळा आक्षेप घेतला. अधिकार असला, तरी दुसऱ्या देशातील न्यायालय अधिक सोयीचे व योग्य असेल, तर दावा तेथे पाठवावा, असे एक जुने तत्त्व अमेरिकी न्यायशास्त्रात आहे. त्याचाच आधार कंपनीने घेतला.

मग एक विलक्षण दृश्य दिसले. भारत सरकारच्या वतीने सांगितले जात होते की, एवढा प्रचंड आणि गुंतागुंतीचा दावा पेलण्यास आपली न्यायव्यवस्था पुरेशी सज्ज नाही; खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. उलट अमेरिकी कंपनी म्हणत होती की, भारतीय न्यायालये पूर्णपणे समर्थ आहेत. मुंबईचे नामवंत विधिज्ञ नानी पालखीवाला यांनीही भारतीय न्यायव्यवस्थेच्या क्षमतेबद्दल कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिले होते.

६. निर्णय आणि त्यानंतर

१२ मे १९८६ रोजी न्यायाधीश कीनन यांनी निर्णय दिला. बहुतेक साक्षीदार, जखमी आणि कारखान्याच्या दैनंदिन कामाची कागदपत्रे भारतात होती. अनेक साक्षीदारांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यांना न्यूयॉर्कला येण्यास भाग पाडता येत नव्हते. कारखान्यावर देखरेख ठेवणारे शासन भारताचे होते आणि दाव्याला भारतीय कायदाच लागू होण्याचा संभव होता. स्वतंत्र राष्ट्राच्या न्यायालयांना आपल्या लोकांचा न्याय करण्याची संधी न देणे हे वसाहतवादी वृत्तीचे लक्षण ठरेल, असा विचारही त्यांनी मांडला. या कारणांनी त्यांनी दावे काढून टाकले. पण तीन अटी घातल्या. कंपनीने भारतीय न्यायालयांचे अधिकारक्षेत्र मान्य करावे व मुदतीचा आक्षेप घेऊ नये. भारतातील अंतिम निवाडा योग्य प्रक्रियेने झालेला असल्यास त्याचे पालन करावे. आणि अमेरिकी नियमांप्रमाणे पुरावे उघड करावेत.

न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट या राज्यांतील संघीय जिल्हा न्यायालयांवरील अपिले ऐकणाऱ्या अपील न्यायालयाने जानेवारी १९८७ मध्ये हा निर्णय कायम केला. पहिली अट त्याने ठेवली. दुसरी वगळली आणि तिसरीही एकतर्फी म्हणून टिकू दिली नाही.

दरम्यान सप्टेंबर १९८६ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयात भारत सरकारने दावा दाखल केला होता. डिसेंबर १९८७ मध्ये त्या न्यायालयाने ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरच्या रकमेवर तडजोड झाली. त्यामुळे या दिवाणी दाव्यात दोष कोणाचा, याचा संपूर्ण साक्षीपुरावा न न्यूयॉर्कमध्ये झाला, न भोपाळमध्ये. कारखान्याच्या आवारातील रसायनांमुळे जमीन व पाणी दूषित झाल्याचे दावे घेऊन भोपाळचे रहिवासी १९९९ पासून पुन्हा त्याच दक्षिण जिल्हा न्यायालयात गेले. त्यांनाही यश आले नाही. भरपाई वाढवून मिळावी यासाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

न्यायाधीश कीनन यांचा निर्णय योग्य होता काय? याबाबत आजही मतभेद आहेत. आपल्या देशातील घटनेचा न्याय आपल्या न्यायालयात व्हावा, हे तत्त्व स्वाभिमानाचे आहे, यात शंका नाही. परंतु दावा कोठे चालवायचा, या एका प्रश्नातच दोन वर्षांहून अधिक काळ गेला आणि तो काळ पीडितांनी आजारपणात व उपासमारीत काढला, हेही तितकेच खरे आहे. अधिकारक्षेत्र हा विषय केवळ वकिलांच्या वादविवादापुरता नाही. न्याय किती लवकर आणि कितपत मिळेल, हे त्यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

म्हणून तुमच्यावर कधी न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर प्रथम तीन प्रश्न विचारा : वाद कोणत्या विषयाचा आहे? प्रतिवादी कोण आहे आणि कोठे राहतो? घटना कोठे घडली? वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत विधी साहाय्य मिळू शकते. योग्य दार माहीत असणे ही न्यायाकडे जाण्याची पहिली पायरी आहे.

शब्दार्थ

अधिकारक्षेत्र – ज्या मर्यादेत न्यायालय निर्णय देऊ शकते ती मर्यादा
वादी – दावा लावणारा पक्ष
प्रतिवादी – ज्याच्याविरुद्ध दावा लावला जातो तो पक्ष
वादपत्र – दाव्याची लेखी मांडणी
अभिलेख – जतन केलेली अधिकृत कागदपत्रे
अंतरिम – अंतिम निर्णयापूर्वीचा, तात्पुरता
ज्यूरी – खटल्यातील वस्तुस्थितीबद्दल निर्णय देणारे नागरिकांचे मंडळ

स्वाध्याय

१. 'संघीय न्यायालयाच्या दाराला तीन कुलपे असतात', हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. भारतीय आणि अमेरिकी न्यायव्यवस्थेतील कोणतेही तीन फरक लिहा.
३. अधिकार असूनही न्यूयॉर्कच्या न्यायालयाने भोपाळचे दावे का काढून टाकले? तुमच्या शब्दांत लिहा.
४. भोपाळचा दावा भारतात पाठवणे योग्य होते काय? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत सुमारे १५० शब्दांत मांडा.
५. उपक्रम : तुमच्या तालुक्यात कोणती न्यायालये आहेत व तेथे कोणत्या प्रकारची प्रकरणे चालतात, याची माहिती मिळवून टिपण तयार करा.